बकरीचं पिल्लू माझ्याकडे, मुलगी त्याच्याकडे

रामाकोन्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये माझी दीड महिन्याची मुलगी दूध पिता पिता एकदम थांबली. ओठ निळे पडले, मान लुळी झाली, श्वास दिसेना. मी किंचाळले. बसभर कारणं निघाली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं जामसांवलीच्या देवळात का नाही नेलं, कंडक्टर म्हणाला खिडकी लावा.

माझ्या शेजारी एक म्हातारा मांडीवर बकरीचं पिल्लू घेऊन बसला होता. मघापासून तो त्या पिल्लालाच अदबीनं ‘नीट बसा जी’ म्हणत होता. आता त्यानं मला ‘धर हे’ म्हणून पिल्लू दिलं आणि मुलगी घेतली. तिला हातावर पालथं, डोकं खाली करून धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. नाकातोंडातून दूध आलं आणि ती जोरात रडली. मी मात्र ‘रडू नको गं बाळा’ म्हणत पिल्लाला थोपटत होते.

तो दवाखान्यापर्यंत आला. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक दूध श्वासनलिकेत गेलं. पण फिट आल्यानं, जंतुसंसर्गानंही असं होतं, तेव्हा आज इथंच ठेवू.”

मुलीला नर्सजवळ ठेवून बाहेर येऊन मी त्याला हे सांगितलं आणि विचारलं, “काका, कुठं शिकलात?”

“बकऱ्यांची बाळंतपणं करता करता. माणसाचं पयलंच होतं, पोरी.”

फाटकाबाहेर जाऊन त्यानं विडी काढली. तीन काड्या विझल्या.

“आता हात कापून राह्यले माहे,” तो म्हणाला.

चौथी काडी मी ओढली. जन्मात पहिल्यांदाच मी कोणाची विडी पेटवून देत होते.