कन्हेरीच्या सुनेचा डोहाळा

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या म्हाताऱ्या सासूचा राग येतो आणि मग हसू येतं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बारामती ठाण्यात फौजदार होतो. नावं लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथंच नांदतात.

सकाळची हजेरी चालू असताना इंदापूरकडचा एक शेतकरी हातात काठी घेऊन थेट आत आला. त्याची बहीण बारामतीजवळच्या कन्हेरी गावात दिली होती. तिला सातवा महिना, म्हणून बाळंतपणाला माहेरी न्यायला तो बैलगाडी घेऊन आला होता. तर तिचा सासरा म्हणाला, "ती तुमच्याकडंच हाय की! सासूच घेऊन गेली न्हवं गेल्या आठवड्यात!" माहेरी तर कुणीच पोचलं नव्हतं. ना सून, ना सासू.

"सायेब, माझी भन मारली," भाऊ म्हणाला. "दोनदा पोटातलं गेलं तिचं. म्हातारीनं घात केला आन पळाली."

अशा तक्रारी आम्हाला नवीन नव्हत्या, आणि सगळ्याच खोट्याही नसत. मी कन्हेरीला गेलो. चावडीत बसलो असताना एक खबऱ्या हळूच मागच्या बाजूनं आला. "पहाटंच्याला दोघी कालव्याच्या वाटंनं जाताना म्या बघितल्या," एवढं बोलून तो सटकला. गरोदर बाई, पहाट आणि कालवा, एवढं ऐकलं की पोलिसाचं डोकं एकाच दिशेला धावतं.

गळ टाकून कालवा तपासायला लावला. काठावर अर्धं गाव जमलं होतं. गळ कशात अडकला की भाऊ पाण्याच्या कडेला धावायचा. दर वेळी फांदी किंवा चिंधीच वर यायची.

तिच्या नवऱ्याला ठाण्यात आणून बसवलं. दिवसभर उलटसुलट विचारलं, धाक दाखवला. त्याचं एकच उत्तर, "मला काय बी बोलायचं न्हाय." पण एक गोष्ट मला खटकत होती. ज्याची बायको पाण्यात गेली असेल तो माणूस दार वाजलं की दचकतो. हा गडी कालव्यावरून शिपाई परत आला तरी मान वर करत नव्हता. जेवणाच्या वेळी तर दोन भाकरी खाऊन वर कांदा मागितला.

"अरे, बायकोचा पत्ता नाही आणि तुला कांदा सुचतो?"

त्यानं मान खाली घातली. "सायेब, आईनं खंडोबाचा भंडारा उचलायला लावलाय. तुमी मारलं तरी म्या बोलायचा न्हाय."

इथं मला पहिला धागा सापडला. आई पोराकडून शपथ घेते, म्हणजे काय झालंय ते दोघांनाही ठाऊक आहे. आणि ठाऊक असूनही पोरगा पोटभर जेवतो. तेव्हा जे असेल ते वाईट नसावं.

घरी जेवताना बायकोला हे सांगितलं. तिनं पंचनामा, गळ, खबऱ्या यांतलं काहीच मनावर घेतलं नाही. तिनं विचारलं, "तिला डोहाळे कसले लागले होते?" मी म्हणालो, हे काय पोलिसांनी विचारायचं असतं? ती म्हणाली, "मग बसा कालवा ढवळत."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्या घराच्या शेजारणीला गाठलं. डोहाळ्यांचं नाव काढताच बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "चिच न्हाय, बोरं न्हाय, भाजलेली माती न्हाय. तिला समिंदर बघायचा हुता!"

शेजारच्या पिंपळी गावच्या एका बाईचा नवरा मुंबईला गिरणीत होता. ती सणाला गावी आली आणि तिनं चौपाटीचं वर्णन केलं. वाळूत बसायचं, भेळ खायची, शहाळं प्यायचं, लाटेत पाय भिजवायचे. तेव्हापासून सुनेनं दुसरा ध्यास घेतला नाही. सासऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला होता, "कालव्याला पानी काय कमी हाय?"

कालव्याच्या त्याच वाटेनं बारामतीचं स्टेशन गाठता येतं, हे माझ्या डोक्यात आता शिरलं. स्टेशनात तिकीटबाबूला विचारलं. हो, दोन बायका आल्या होत्या. गाडी थेट समुद्रापर्यंत जाते का, असं म्हातारीनं त्याला विचारलं होतं.

ठाण्यात येऊन मी नवऱ्यापुढं चौपाटीचं नाव काढलं. तो तोंडभर हसला. पण शब्द एक बोलला नाही, भंडाऱ्याची आण त्यानं पाळली. मी त्याला घरी सोडलं आणि ओळख पटवायला भावाला बरोबर घेऊन मुंबईची गाडी धरली. भावाची काठी त्याच्याबरोबर होतीच.

गिरणीत काम करणाऱ्या त्या पिंपळीकराच्या खोलीचा पत्ता गावातून घेतला होता, तिथं त्याची बायको म्हणाली, "त्या दोघी व्हय? रोज चौपाटीवरच असत्यात."

उन्हं उतरत होती. भेळवाले, मालीशवाले, घोड्यावर बसायला रडणारी मुलं, शेंगा खात बसलेली कुटुंबं, सगळी जत्राच होती. आणि पाण्याच्या कडेला नऊवारी वर खोचून त्या दोघी उभ्या होत्या. लाट आली की सून पुढं व्हायची आणि सासू तिचा दंड दोन्ही हातांनी धरून तिला मागं ओढायची. दोघीही लहान पोरींसारख्या किंचाळत होत्या.

बहिणीनं भावाला पाहिलं. "दादा! हितं ये, पाय भिजव. पायाखालची वाळू कशी सरकती बघ!"

भाऊ काठी टाकून वाळूतच बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. माझेही डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी म्हातारीला दरडावलं, "आजी, तुमच्यावर खुनाचा आळ आलाय. सांगून जाता येत नव्हतं?"

"सांगितलं की, सायेब. आमचं मालक कालव्यावर जा म्हनलं. परत ईचारलं असतं तर भांडाण झालं असतं, आन गरवार बाईच्या कानावर भांडाण पडू ने." तिनं सुनेकडं बघून आवाज खाली आणला. "दोनदा पाळणा धुवून पुसून ठेवला, दोनदा तसाच माळ्यावर टाकला. आता हिच्या मनातलं एक बी ऱ्हाऊ द्यायचं न्हाय मला."

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. पण सुनेला सूर्य पाण्यात जाताना बघायचा होता, इतके दिवस संध्याकाळी नेमकं आभाळ यायचं. आम्ही चौघं वाळूत भेळ खात बसलो आणि ती गाडी जाऊ दिली.

त्यानंतर बाई हरवल्याची तक्रार आली की तिला कुठं जायचं होतं, हे मी घरच्यांना आधी विचारू लागलो. बहुतेक घरांत याचं उत्तर कुणापाशीच नसायचं.

पुढं सासरा पेढे घेऊन ठाण्यात आला. नात झाली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. पेढे देऊनही तो उठेना. पागोटं मांडीवर घेऊन बसून राहिला.

"सायेब, आमचा पोरगा पोटात हुता तवा आमच्या मंडळीला डाळिंब खावंसं वाटलं हुतं. म्या म्हनलो, बाजार लांब हाय." त्यानं पागोटं डोक्यावर चढवलं. "आता न्हेऊन दिलं तर चालंल का?"

"चालेल की," मी म्हणालो.

बाजाराच्या दिवशी बंदोबस्तावर असताना तो मला दिसला. फळवालीपुढं उकिडवा बसून तो एकेक डाळिंब हातात घेऊन पारखत होता. फळवाली वैतागून म्हणाली, "आबा, सगळी गोडच हायती." तरी तो निवडतच राहिला.