कुंदाकाकूंची पाखरं

लग्न होऊन कोथरूडच्या आमच्या सोसायटीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या ब्लॉकमधल्या कुंदाकाकू आल्या. मला वाटलं, ओळख करून घ्यायला आल्या असतील. त्यांनी नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, रव्याचा डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि वर काढून मला दाखवलं. बोटाला जाळी धरलेला रवा लोंबत होता.

"दुकानातला की घरचा?"

"सासूबाईंनी दिलाय."

"मग त्यांना सांगू नकोस," असं म्हणून त्यांनी तो पिशवीत बांधला आणि जाताना स्वतःच खाली कचऱ्यात टाकून आल्या. आमची ओळख झाली ती अशी.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कुणाच्याही घरी गेल्या की आधी छताच्या कोपऱ्याकडे बघतात, कारण पिठातल्या अळ्या मोठ्या झाल्या की तिथे चढून बसतात, हे काकूंनी आम्हाला शिकवलं. डाळी-पिठांतून निघणारी ती मळकट राखाडी पाखरं म्हणजे काकूंचे सात जन्मांचे वैरी. पण कुणी चप्पल घेऊन भिंतीवरच्या पाखरामागे धावलं की काकू खुर्चीतूनच म्हणायच्या, "मारा, मारा. तेवढाच व्यायाम. हे तर घर सोडून निघालेलं आहे हो, ते निघालं कुठून ते बघा."

आणि ते सापडलं की फेकायचं. चाळायचं नाही, निवडायचं नाही, 'वरचं चांगलं दिसतंय' म्हणायचं नाही. "दया आली की अंडी राहिली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बाईंनी अळ्या लागलेली काजूकणी चाळून ठेवली, तर काकूंनी वर्षभर त्यांच्याकडचा शिरा खाल्ला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "मी शाकाहारी आहे."

मे महिन्यात गच्ची त्यांची. अख्ख्या बिल्डिंगचे गहू-डाळी तिथे उन्हात पडायच्या आणि काकू छत्री घेऊन मधून फिरायच्या. तूरडाळीला एरंडेल, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, ही सगळी देखरेख त्यांची. एकदा मी घाईघाईने तापलेले गहू तसेच डब्यात भरायला घेतले. "गार होऊ दे की. गरम भरलेस तर आत घाम धरतील, मग किडीला आमंत्रणपत्रिका वेगळी नको." नवा रवा जुन्यावर ओतणाऱ्या बायकांशी त्या बोलत नसत. झाकणाचे आटे जुन्या टूथब्रशने घासायचे, फळीच्या फटीत विणकामाची सुई फिरवायची, आणि मैदा आणला की आधी आठवडाभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. "फ्रिज काय नुसता आईस्क्रीमसाठी घेतलात?"

अशा घरात मानसी सून म्हणून आली. माहेर कसबा पेठेतलं आणि नोकरी हिंजवडीला, कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची. लेक कॉम्प्युटरवर काम करते म्हणून तिच्या आईने रुखवतात डाळींचा कॉम्प्युटर केला होता. तांदळाचा पडदा, काळ्या उडदाची चौकट, इंग्रजी अक्षरं रंगवलेली राजम्याची बटणं, हिरव्या मुगांचा माउस, सगळं पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेलं. लग्नात नवऱ्या मुलापेक्षा त्या कॉम्प्युटरभोवती जास्त गर्दी होती. वर्षाच्या आतच मानसीची आई अचानक गेली. कॉम्प्युटर जिलेटीन कागदात गुंडाळून हॉलमधल्या शोकेसवर बसला होता, तो तिथेच राहिला.

पुढच्या वर्षी पाखरं निघाली ती खुद्द काकूंच्या घरात. त्यांनी मला हाक मारली, आत घेतलं आणि दार लावलं. "कुणाला बोलू नकोस," म्हणाल्या. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

काकूंचा संशय मानसीच्या ओट्सच्या पुड्यांवर. मानसीचा संशय काकूंच्या गव्हाच्या कोठीवर. काकूंनी ओट्स फेकले. मानसी म्हणाली, "आई, मला एकदा विचारायचं तरी. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू या ना, एका दिवसाचं काम आहे." "हो, आणि त्या औषधावर पोळ्या लाटते," काकू म्हणाल्या. मग कोठी रिकामी झाली, सगळे डबे धुतले गेले, तरी दिवा लावला की एखादं पाखरू हजर. दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. एक दिवस जिन्यात मानसीने मला सांगितलं की ती आणि तिचा नवरा संदीप वाकडला फ्लॅट बघून आलेत. काकूंना ते आधीच कळलं होतं. मला म्हणाल्या, "पाखरांनी घर फोडलं बघ माझं." चेष्टेत म्हणाल्या, पण डोळे भरले होते.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. एक पाखरू आलं ते स्वयंपाकघरातून नव्हे, शोकेसवरून. काकू स्टुलावर चढल्या. जिलेटीनच्या आत सगळी जाळी झाली होती, राजम्याखाली भुकटी आणि पडद्याच्या तांदळातून अळ्या चाललेल्या. अख्खं घर उपसलं, पण शोकेसवरची ती शोभेची वस्तू धान्याची आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकू तो कॉम्प्युटर हातात धरून बसल्या असतानाच मानसी ऑफिसमधून आली. तिने बघितलं, आणि तिला सगळं कळलं. पर्स खाली ठेवून ती इतकंच म्हणाली, "टाकून द्या आई. दया आली की..."

मला वाटलं, आता काकू पिशवी मागणार. त्या म्हणाल्या, "गप्प बस. हातपाय धू, चहा घे, आणि पाट आण."

काकूंनी आधी पुठ्ठ्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने नक्षी उतरवून घेतली. मग किडका दाणा न् दाणा उचकटून पिशवीत गेला, पिशवी घट्ट बांधून बाहेर गेली आणि नुसता पुठ्ठा बर्फाच्या कप्प्यात. पुढच्या रविवारी काकूंनी राजमा, उडीद, मूग, तांदूळ मंद आचेवर कोरडे परतून गार केले, आणि तिघी डिंकाची वाटी मध्ये घेऊन बसलो. मानसी दाणे लावत होती आणि आईच्या गोष्टी सांगत होती. काकू नव्या राजम्यांवर बारीक कुंचल्याने पांढरी इंग्रजी अक्षरं काढत होत्या, कागदावर उतरवली होती त्याच क्रमाने. ए, मग बी, मग सी, थेट झेडपर्यंत.

मानसीला हसू फुटलं. "आईने बघा कशी लावलीत! खऱ्या कीबोर्डवर अशी ओळीने नसतात हो अक्षरं." हसता हसता ती रडायला लागली.

काकूंनी तिच्या पाठीवरून डिंकाचाच हात फिरवला. मग चष्मा वर सरकवून पुढचा राजमा उचलला.

"खऱ्याचं चुकलंय," त्या म्हणाल्या. "आपण विहीणबाईंनी लावलीत तशीच लावायची."