अहम्, आवाम्, वयम्

अहम्, आवाम्, वयम्. सकाळच्या पहिल्या तासाला सातवीची अठ्ठावीस मुलं एका सुरात ‘मी, आम्ही दोघं, आम्ही सगळे’ ही सहावीतली संस्कृत रूपं उजळणीला घोकू लागली, की गजरे विकणारीची हाक, कॉफीचा दरवळ आणि मांबलम स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची घरघर त्या नादात हळूहळू विरघळून जाते. मीही त्यांच्याबरोबर म्हणतो. फक्त मधला शब्द आला, की मला हटकून खडू शोधायचा असतो.

मी मूळचा वाईचा. चेन्नईला आलो तो बायकोच्या मागे. सुधाला ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पहाटे कंपनीची बस तिला घेऊन जायची आणि मी वेस्ट मांबलमच्या या शाळेत संस्कृत शिकवायला यायचो. पावणेदोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याच वर्षी जूनमध्ये शाळेनं सहावी ते आठवीसाठी जुन्या विद्येच्या धर्तीवर नवा अभ्यासक्रम आखला आणि माझ्या हाती सोपवला. सहावीत पाठांतर आणि व्याकरण, सातवीत तर्क, आठवीत वक्तृत्व. आधी शब्द साठवावेत, मग ते पारखावेत, आणि मगच चारचौघांत उच्चारावेत. काय सुरेख क्रम आहे नाही? आणि तो शिकवायला नेमला कोण, तर घरी गेल्यावर ज्याच्याशी बोलायला चिटपाखरू नाही असा माणूस. दैवाला थट्टेची भारी हौस, दुसरं काय.

संध्याकाळी कुलूप उघडताना मी अजूनही ‘आलो गं’ म्हणतो. म्हणून झाल्यावर लक्षात येतं. महिनोन्‌महिने मराठी बोललं नाही, तर जिभेवर कसली तरी बुरशी धरते, हे मला इथे येण्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. या फेब्रुवारीत मी राजीनामा लिहिला आणि पिशवीत ठेवला. आठवीचं वक्तृत्व दुसरं कुणीतरी शिकवील, आपण वाईला जावं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच आठवड्यात तर्काचा तास होता. विधान मांडा, कारण द्या, दाखला द्या, तो लागू करा, निष्कर्ष काढा, या पाच पायऱ्यांनी स्वतःचं एखादं अनुमान सिद्ध करायचं होतं. मीनाक्षी उठली. ही तंजावूरकडच्या मराठी घरातली मुलगी. तिची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची, तीही माझ्याशी लाजत लाजतच बोलायची. तिनं फळ्यावर लिहिलं: सर आपले नव्हेत. कारण, ते ‘नांगळ’ म्हणतात.

तुम्हांला सांगायला हवं. आपल्याकडे जसं ‘आपण’ आणि ‘आम्ही’, तसं तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ’. ‘नाम्’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘नांगळ’मध्ये बाहेर. संस्कृतला ही तऱ्हा नाही. तिथं दोन्हींना एकच ‘वयम्’. आणि मी, व्याकरणाचा मास्तर, ‘चला, आपण पाठ वाचू’ म्हणताना इतकी वर्षं मुलांना ‘नांगळ’ म्हणत आलो होतो. आम्ही वाचू, तुम्ही नाही.

बाकीच्या पायऱ्या तिनं शांतपणे पूर्ण केल्या. जो ‘नांगळ’ म्हणतो तो समोरच्याला बाहेर ठेवतो, जसा कबड्डीत दुसरा संघ आपल्याला ठेवतो. सरही तसंच म्हणतात. म्हणून सर आपले नव्हेत. मी तिच्या तर्कात खोट शोधत उभा राहिलो, सापडली नाही. मग तिनं मराठीत विचारलं, “नांगळ म्हणजे तुमी आन् कोण, सर?”

मला उत्तर माहीत होतं. आम्ही नवे असताना खालच्या भाजीवालीनं आम्हांला तमिळ शिकवलं. किती जणांची भाजी, असं ती विचारायची आणि सुधा हसत सांगायची, “नांगळ रेंडु पेर.” आम्ही दोघं जणं. तोच माझा पहिला तमिळ शब्द. तेव्हा तो अगदी बरोबर होता. पुढे त्यातलं एक माणूस गेलं आणि शब्द मात्र दारावरच्या दोन नावांच्या पाटीसारखा तसाच राहून गेला. एकटा माणूस इतका काळ ‘आम्ही’ म्हणत होता, आणि त्या ‘आम्ही’त त्याच्याखेरीज कुणीच नव्हतं. मला भयंकर एकटं वाटलं, भर वर्गात.

मी एवढंच म्हणालो, “चूक माझी आहे. नाम् म्हणायला हवं होतं.” “मग कारणच राहिलं नाहीं, सर,” मीनाक्षी म्हणाली, आणि डस्टर घेऊन तिनं खालून वर, आधी निष्कर्ष आणि मग एकेक पायरी, सगळा फळा पुसून टाकला.

राजीनामा अजून पिशवीतच आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आठवीच्या पहिल्या पाठाचं टिपण काढलंय.

आज सकाळी पुन्हा तीच रूपं होती. आवाम् आलं तेव्हा मी गप्पच राहिलो, पण खडू शोधला नाही. तेवढी जागा सुधाची आहे, ती रिकामीच राहू दे. संध्याकाळी कुलूप उघडेन तेव्हा पुन्हा नुसतं अहम् असणार, हेही ठाऊक होतं. मग वयम् आलं, आणि ते मी मुलांबरोबर म्हटलं.