वास नसलेलं औषध

वांगी पोखरणाऱ्या अळीवर मी नोकरीभर काम केलं. कमीत कमी विष वापरून भाजीपाला कसा वाचवायचा, हे शिकवत हिंगोली जिल्हाभर फिरलो. एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात लिहिली नाही.

हट्टा गावाजवळ दोन जावांची वांगी एकाच बांधाला लागून होती. धाकटीच्या झाडांवर मी निंबोळी अर्क फवारायचो. थोरलीच्या झाडांवर विहिरीचं पाणी. औषधाचा गुण दाखवायला शेजारी बिनऔषधाचा तुकडा लागतो. हे थोरलीला कळलं असतं तर तिनं बाजारातलं विष आणून मारलं असतं, म्हणून मी तिला सांगितलंच नाही. पाणी पांढरट दिसावं म्हणून त्यात थोडा साबण कालवायचो.

"साहेब, जावेच्या औषधानं म्हशी बी पळून राहिल्या," थोरली म्हणायची. "आमच्याला वासच न्हाई. मी मोठी म्हणून मला उरलेलं देता का काय?"

"दोघींना औषध एकच आहे, बाई."

पुढे तिच्या झाडांचे शेंडे माना टाकू लागले. वांगी बाहेरून चकचकीत, पण प्रत्येकावर दाभणानं टोचल्यासारखं एक गोल भोक. अळी तिथून बाहेर पडलेली असते. भर दुपारी थोरली बांधावर बसून एकेक वांगं फोडत होती. आत काळा भुसा. पलीकडे जावेची वांगी धडधाकट.

"माती एक, औषध एक," ती हळू म्हणाली. "मग माझीच कुणी टोचली?"

तिनं बांधापलीकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी किडक्या वांग्यांची नोंद केली आणि निघालो.

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. बाया आपल्या लेकरांना धाकटीच्या दारावरून जाऊ देईनात, हेही माझ्या कानावर आलं. तरी मी गप्प राहिलो. त्या प्रयोगावर मला बढती मिळाली होती.

परवा काठी टेकत थोरलीच्या अंगणात गेलो. तिला सगळं सांगितलं. "ते नुसतं पाणी होतं, बाई. कुणी करणी केली नव्हती."



"न्हाई साहेब," ती म्हणाली. "तिनं मारुतीपुढं, साऱ्या गावासमोर कबूल केलं होतं. पाणी होतं, तर तिनं कबूल काहून केलं?"

दोन अंगणांच्या मधल्या भिंतीपलीकडे धाकटी भांडी घासत होती. तो आवाज थांबला.