भावासाठी वजन उतरवायचंय

मंडळी, आज अलिबागच्या हॉस्पिटलात मला रडू आलं.

धाकट्या भावाला मी किडनी देणार आहे. बाकी सगळं जुळलंय, पण आधी माझं वजन आठ किलो उतरायला हवं. म्हणून दोन महिने रोज सकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तासभर चालतेय. आज काट्यावर उभी राहिले, तर जेमतेम अर्धा किलो कमी!

"चालून आल्यावर काय खाता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

खरं सांगून टाकलं. दोन वडापाव आणि गोड चहा. एवढं चालल्यावर तेवढं चालतं, असं वाटायचं.

"मग उतरणार कसं?"

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. म्हणाला, "ताई, नको जीवाला त्रास करून घेऊस. माझं चाललंय."

त्याचे सुजलेले पाय बघून माझीच मला लाज वाटली.

संध्याकाळी ह्यांनी गरम वडे आणले. "एक तरी खा," म्हणाले.

"त्याचं ऑपरेशन होईपर्यंत नाही," म्हटलं आणि भाकरी-भाजी घेऊन बसले. खूप चिडचिड झाली, पण हात आवरला.

तुमच्यापैकी कोणी असं तोंड आवरून वजन उतरवलंय का? पहिला आठवडा कसा काढलात, तेवढं सांगा. मला तो काढायचाच आहे.