निशिगंध आणि उरलेला कागद

आमच्या थोरल्या साडूंइतका फुलांवर जीव टाकणारा आणि फुलं आवडणाऱ्या माणसांवर खेकसणारा गृहस्थ नाशकात दुसरा झाला नाही. त्यांच्यासमोर तुम्ही "काय सुंदर गुलाब आहे" म्हणालात की संपलं. सुंदर म्हणजे काय, देठ कुठे वाकलाय ते पाहिलंत का, नसेल पाहिलं तर बोलता कशाला, अशी सरबत्ती. मीही काही शांत स्वभावाचा नाही, त्यामुळे आमच्या सणासुदीच्या पंगती श्रीखंडापर्यंत पोचायच्या आतच पेटत.

नोकरीने ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. आठ तास पट्टी, कंपास आणि खोडरबर. पंचवटीतल्या घरी मात्र यातली एकही वस्तू दिसलेली त्यांना खपत नसे. फुलांची चित्रं काढायचं खूळ लागलं ते दाढेपायी. सत्तर सालानंतर केव्हातरी दाढ काढायला ते मुंबईला एका चिनी दंतवैद्याकडे गेले. तिथे भिंतीवर नुसत्या काळ्या शाईत काढलेलं बांबूचं चित्र होतं. नंबर आला तेव्हा ते खुर्चीत बसायचं सोडून डॉक्टरलाच विचारत राहिले की हे काढतात कसं. दुखरी दाढ तशीच घेऊन परत आले, आणि खिशात शाईची एक काळी वडी. पुढे महिन्याभराने नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडे त्यांना विलायती आधुनिक चित्रकारांचं एक जाडजूड, कव्हर फाटलेलं पुस्तक मिळालं. त्यात सगळे रंगांचे सपाट ठोकळे. झालं! एका हातात चीन, दुसऱ्या हातात विलायत, आणि मधे सापडली त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का. चीनने लढाई केली ती पुरे नाही का, असं सासरे एकदा म्हणाले. साडू म्हणाले, मग आधी चहा सोडा. सासऱ्यांनी कप काही खाली ठेवला नाही.

ही शाईची वडी दगडावर पाण्यात उगाळावी लागते. घरात उगाळायचा दगड एकच, अक्काची देवाची सहाण. साडूंनी ती बिनदिक्कत उचलली आणि दुसऱ्या दिवशी अक्काच्या बाळकृष्णाच्या कपाळी काळं गंध लागलं. तिने दोन दिवस अबोला धरला. हा माणूस उलट तिच्यावरच तापला, की सहाणेत चंदनाचं तेल मुरल्यामुळे माझी शाई फाटते! शेवटी सहाण साडूंकडे राहिली आणि देव कुंकवावर भागवू लागले.

बाजारात जाऊन ते रोज एकच फूल घेत, तेही देठासकट आणि अर्धा तास निवडून. हार गुंफणाऱ्या बायकांना हे फुलांना फाशी देणं बंद करा म्हणून सांगत. मखमलाबादेकडून शेवंती घेऊन येणारी एक म्हातारी मात्र त्यांना पुरून उरली. "एकच फूल नेता बाबा रोज," ती म्हणाली, "देव लय बारका हाय का तुमचा?" त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. साडू सुटे पैसे न घेताच चालू लागले.

घरी आणून फूल पेल्यात ठेवायचं, तासभर नुसतं बघायचं, मग एका दमात कुंचला चालवायचा. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. शाईत फूल झालं की त्याच्या मागे रंगाचा एकच सपाट ठोकळा. जरा चुकलं की कागद टराटरा फाडायचा. अशी दहा-बारा वर्षं अक्काचा बंब त्या कागदांवर पेटला.

आणि एका रविवारी अक्काचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो. लांबट आडवा कागद, डाव्या कोपऱ्यात शाईतली निशिगंधाची एक काडी, डावीकडेच झुकलेली, मागे विटकरी ठोकळा. उजवीकडचा सगळा कागद कोरा. साडू हात बांधून उभे. "झालं," एवढंच म्हणाले. हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. अक्काने साखर वाटली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यांनी, कधी नव्हे ते, चित्र द्यायचं कबूल केलं. कारखान्याच्या बसच्या वेळांमुळे त्यांना दुकानं उघडी सापडत नसत, म्हणून फ्रेम करून आणायचं मी माझ्या अंगावर घेतलं. पंचवटीतला फ्रेमवाला माझ्या ओळखीचा, जन्मभर देवांच्या तसबिरी मढवलेला. चांगली फ्रेम कर, एवढंच मी त्याला सांगितलं. माझ्या जिभेला काय झालं होतं तेव्हा, कोण जाणे.

त्याने कोरा कागद कापून टाकला. सगळा. म्हणाला, फूल एका कडेला पडलं होतं, आता कसं देवासारखं मधोमध आलं, आणि तयार फ्रेमही बसली. मी त्याच्यावर चिडलो असतो तर आज मला तोंड असतं. मी काय केलं? छान दिसतंय, म्हणालो. खरंच छान दिसत होतं मला! वर्तमानपत्रात गुंडाळून चित्र घेऊन मी साडूंकडे गेलो, तेही हसत.

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि बघत राहिले. मी आरडाओरडीची वाट पाहिली. आयुष्यभर शेवंतीवरून, चहावरून, कशावरूनही ओरडणारा माणूस, आणि त्या दिवशी आवाज नाही.

"तो कोरा नव्हता हो," ते म्हणाले. "तिथे वारा होता."

मी धावत दुकानात गेलो. तुकडा गणपतीच्या एका तसबिरीमागे चिकटवून गिऱ्हाइकाकडे गेलासुद्धा होता. फ्रेमवाल्याला मी नाही नाही ते बोललो. त्याचा काय दोष?

चित्र प्रदर्शनात गेलं नाही. साडूंनी सहाण घासून धुतली आणि अक्काच्या देवघरात नेऊन ठेवली. ती माझ्या बायकोपाशी रडली. "देवाला काळं गंध चाललं असतं गं," म्हणाली. मला त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही. दिवाळीला जेवायला येत, मुकाट्याने जेवत, गुलाबाला सुंदर म्हटलं तरी मान डोलावत. त्या मान डोलावण्याचा मला इतका राग येई, की ताटावरून उठून जावंसं वाटे. ओरडा ना, म्हणावंसं वाटे. तीन वर्षांत ते गेले.

चित्र अक्काने आम्हाला दिलं. ते मी बैठकीत लावलं आहे, भिंतीच्या मधोमध नाही, पार डाव्या कडेला. उजवीकडची भिंत मोकळी. परवा बायकोने तिथे खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. माझा असा भडका उडाला की शेजारी दारात आले. एवढी मोकळी जागा काय करायची, ती विचारत होती. मी खिळा उपटला, भोक चुन्याने बुजवलं आणि मग, अगदी साडूंच्या आवाजात, तिला म्हणालो की मोकळी नाही ती.