चुन्याची रेष

"सरका, शेठ! आधी सरका, मंग बोला फोनवर!"

खुद्द मालकावर असा ओरडणारा हमाल अख्ख्या शहापूर तालुक्यात एकच होता. शेठनी तेव्हा नवाकोरा मोबाइल घेतला होता आणि साखरेच्या गोण्यांच्या थप्पीला पाठ टेकून ते ऐटीत बोलत होते. त्या आरोळीने ते असे उडाले की एक चप्पल जागच्या जागीच राहिली. सरकमामांनी ती हुकाने उचलून बाहेर आणून दिली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तंबाखू मळायला घेतली.

आमचं गोदाम आसनगावजवळ, हायवेला लागून. तांदूळ, साखर, डाळ तिथं ट्रकने उतरायची आणि टेम्पोने वाशिंदपासून मुरबाडपर्यंतच्या किराणा दुकानांत जायची. मी तिथला कारकून, मामा हमालांचे मुकादम. दिवसातून हजारदा "सरक" म्हणायचे म्हणून सरकमामा. खरं नाव रोज मस्टरवर मीच लिहायचो, तरी आज आठवायला वेळ लागतो.

मुरबाडकडच्या एका डोंगरपाड्यावरून मामा नऊ गडी घेऊन जीपने यायचे. त्या जीपमध्ये बावीस माणसं बसत; ड्रायव्हरचा उजवा पाय तेवढा गाडीत, बाकीचा ड्रायव्हर रस्त्याच्या हवेवर. संध्याकाळी निघताना मामा प्रत्येकाच्या पाठीत धपाटा घालून मोजत. एक, दोन, तीन... धपाट्यासरशी अंगावरचा गोण्यांचा धुरळा असा उडायचा की पुढचा गडी दिसेनासा व्हायचा. "मोजून आणलीत, मोजून नेयाची," म्हणायचे. नववा धपाटा मेव्हण्याला, काळूला. तो सगळ्यात जोरात.

थप्पीला कान लावायची त्यांना खोड होती. गाभण म्हशीच्या पोटाला लावावा तसा. खालच्या गोणीला उंदराने भोक पाडलं की तांदूळ आतल्या आत झिरपतो, गोणी बसते आणि वरची थप्पी तिरकी होते. तो झिरपा मामांना ऐकू यायचा. मग करंगळीएवढ्या भोकासाठी चाळीस गोण्या खाली. शेठ कपाळाला हात लावायचे आणि काळू घाम पुसत म्हणायचा, "दाजी, उंदराचं बारसं तरी करा आता, एवढी मानसं जमवलीत तर." मामा हसायचे नाहीत. पण त्या दिवशी काळूला जेवताना भाकरीचा मोठा तुकडा मिळायचा.

थप्पी किती उंच लावायची, याचा कायदा मामांनी स्वतःच केला होता. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात वर केला, हातात हुक. हुकाचं टोक जिथं टेकलं तिथं तंबाखूच्या डबीतल्या चुन्याने बोटाने रेष ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. इतका चुना गेला की आठवडाभर मुरबाडच्या बाजारात तंबाखू कोरडीच खावी लागली म्हणतात. "मानसाचा हात जिथवर जातो तिथवरच वझं," मामा म्हणाले. काळवंडलेल्या भिंतीवर ती रेष लांबून दिसायची. नऊच्या नऊ गडी अडाणी, पण ती रेष सगळ्यांना वाचता यायची.

इथपर्यंत मी थोडं तिखटमीठ लावलं. पुढचं जसं झालं तसं सांगतो.

दिवाळीला शेठनी सांगितलं, भिंतींना सफेदी मारून घे. मी मारून घेतली. भिंत पांढरी, रेषही पांढरी. रेष गेली. मामा आले, भिंतीकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, रेष वडून घेतो." शेठ शेजारीच होते. नवीन भिंत दोन दिवस तरी स्वच्छ राहू दे, म्हणाले. मी मामांना म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी मामा भात झोडायला चार दिवस पाड्यावर गेले.

त्याच चार दिवसांत साखरेचे तीन ट्रक लागोपाठ आले. जागा नव्हती. गड्यांनी भिंतीकडे बघितलं. रेष नाही. त्यांनी आपसांत ठरवलं की रेष पुसली म्हणजे शेठनी बंदी उठवली. कुणी मला विचारलं नाही आणि मी टेबलावरून बघत होतो, मीही काही बोललो नाही. थप्पी पत्र्याला लागेपर्यंत चढली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कलली. तिच्याखालून काळू चालला होता. "सरक" म्हणायला तिथं कुणी नव्हतं.

टेम्पोतून कल्याणला नेला. वाटेतच गेला.

चौकशीला साहेब आले. हमालांनी स्वतःच्या मनाने थप्पी वाढवली, असं शेठनी सांगितलं. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. सफेदीचं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. महिनाभराने मामा गड्यांना घेऊन आले, दिवसभर काम केलं, संध्याकाळी जीपपाशी धपाटे घालू लागले. आठवर हात थांबला. तो हात तसाच वर राहिला, मग त्यांनी तो हळूच खिशात घातला. दुसऱ्या दिवशी गडी आले, मामा आले नाहीत.

शेठनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मामा अंगणात सुतळीने फाटकी गोणी शिवत होते. त्यांच्या बायकोने, काळूच्या बहिणीने, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली. सफेदीचं सांगायचं म्हणून मी वाटेत दहा वेळा शब्द जुळवले होते. तोंडातून मात्र निघालं ते वेगळंच. म्हटलं, मामा, चला परत. शेठनी पक्की रेष मारून घेतलीय. लाल ऑइलपेंटची. आता कितीही सफेदी मारा, पुसायची नाही.

मामांनी दाताने सुतळी तोडली. "कुठं मारली?"

"वर. पत्र्याखाली हातभर."

"मंग आता तिथवर लावतील," मामा म्हणाले.